कोंवळ्या हाडाला भार कसा कळतो?

पुष्कळ घरांतून माजघराच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या आडव्या रेघा दिसतात. प्रत्येक रेघेशेजारीं एक तारीख असते. वाढदिवसाच्या दिवशीं मुलाला चौकटीला पाठ लावून उभें करावयाचें, डोक्यावर पुस्तक आडवें ठेवावयाचें आणि रेघ ओढावयाची, असा हा प्रघात. रेघ वर चढली म्हणजे सारें घर आनंदतें. परंतु मूल जें वाढलें तें नेमकें कोठें वाढलें, हा प्रश्न त्या आनंदांत कोणी विचारीत नाहीं. झाड शेंड्याला वाढतें, नख मुळाशीं वाढतें. मग मांडीचें हाड कोठें वाढतें? मध्यें, टोकाला, कीं रबरासारखें सगळीकडे सारखेंच ताणलें जातें?

स्टीफन हेल्स नांवाच्या एका इंग्रज धर्मोपदेशकानें या प्रश्नाचा निकाल एका साध्या प्रयोगानें लावला आणि तो 1727 सालीं आपल्या ग्रंथांत नमूद केला. त्यानें अर्धवट वाढलेलें कोंबडीचें पिलूं घेतलें. त्याच्या पायाचें हाड त्या वेळीं दोन इंच लांब होतें. त्या हाडाच्या मध्यभागीं, एकमेकांपासून अर्ध्या इंचावर, टोकदार लोखंडानें त्यानें दोन बारीक भोंकें पाडलीं. दोन महिन्यांनीं पाहतो तों हाड आणखी एक इंच वाढलेलें. पण दोन खुणांमधील अंतर पूर्वींइतकेंच, अर्धा इंच! म्हणजे हाडाचा मधला दांडा लांबत नाहीं. जी वाढ होते ती टोकांकडे होते.

लहान मुलाच्या गुडघ्याचें क्ष-किरणांनीं घेतलेलें चित्र पाहिलें तर मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाशीं व नडगीच्या वरच्या टोकाशीं एकएक काळी आडवी रेघ दिसते. नवख्या आईबापांना ती पाहून हाड मोडलें कीं काय अशी धास्ती वाटते. ती मोड नव्हे; ती वाढीची चकती होय. तेथें हाड नसतें, कूर्चा असते. म्हणजे नाकाच्या शेंड्यांत हाताला लागणारा जो लवचिक पण चिवट पदार्थ, त्याच जातीचा पदार्थ असतो. क्ष-किरण त्यांतून सहज पार होतात, म्हणून चित्रांत ती जागा रिकामी भासते. ही चकती जेमतेम एकदोन मिलिमीटर जाडीची. तरीहि शाळकरी वयांत मांडीच्या हाडाची खालची चकती वर्षाला सुमारें 9 ते 10 मिलिमीटर आणि नडगीची वरची चकती सुमारें 6 मिलिमीटर लांबी पुरविते. पौगंडावस्था संपतां संपतां चकतीचेंच हाड होऊन जातें, काळी रेघ मिटते, आणि चौकटीवरच्या रेघाहि थांबतात.

सूक्ष्मदर्शकाखालीं या चकतीची रचना मोठी शिस्तबद्ध दिसते. रुपयांची चळत रचावी तशा चपट्या पेशी एकावर एक रचलेल्या असतात, आणि अशा असंख्य चळती शेजारीं शेजारीं उभ्या असतात. चळतीच्या सांध्याकडील टोकाला राखीव पेशी स्वस्थ बसलेल्या. त्यांच्याखालीं भराभर विभागणाऱ्या चपट्या पेशी. आणि त्यांच्याहि खालीं, हाडाच्या दांड्याकडील बाजूस, फुगत चाललेल्या पेशी. हें फुगणें लहानसहान नव्हे. पेशीचें आकारमान दहापट किंवा त्याहूनहि अधिक होतें, आणि तें विशेषतः उभ्या दिशेनें होतें. मुलाची उंची वाढते ती पेशींची संख्या वाढल्यानें, अशी सामान्य समजूत आहे. परंतु लांबींतील मोठा वांटा विभागणीचा नसून या फुगण्याचा असतो. फुगून झालेल्या पेशींच्या भोंवतीं क्षार सांचतात, रक्तवाहिन्या आंत शिरतात, आणि त्या जागीं खरें हाड घडविलें जातें. वरून नवी पेशी यावी, खालीं जुनीचें हाड व्हावें, आणि मधली चकती तेवढ्याच जाडीची राहून सांध्याला पुढें पुढें ढकलीत जावी, असा हा व्यवहार.

आतां पेशींच्या भोंवतींचा पदार्थ पाहिला पाहिजे, कारण पुढील सर्व प्रश्न त्याच्याशीं निगडित आहे. हरभरे भिजत घालून ते एखाद्या घट्ट विणीच्या पिशवींत बांधून ठेवले तर हरभरे फुगूं पाहतात, पिशवी त्यांना आवरते, आणि सगळें गांठोडें टणक होतें. कूर्चेचेंहि तसेंच. तिच्यांत साखरेच्या लांबलचक साखळ्या असतात. त्यांवरील ऋण विद्युत्‌भारामुळें त्या पाणी ओढून घेतात व फुगूं पाहतात. कोलॅजेन नांवाच्या चिवट तंतूंचें जाळें त्यांना आवरून धरतें. कूर्चेवर भार पडला कीं प्रथम आंतील पाणी तो भार झेलतें; भार तसाच राहिला तर पाणी हळूहळू झिरपून बाजूला होतें आणि भार तंतूंवर येतो. म्हणून क्षणभर पडलेला भार आणि तासन्‌तास पडलेला भार हे कूर्चेच्या दृष्टीनें दोन निराळे अनुभव आहेत. ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

आणखी एक गोष्ट. कूर्चेमध्यें मज्जातंतु नसतात. बोटाला टांचणी टोंचली तर मेंदूला वर्दी जाते. चकतींतील पेशीला अशी वर्दी देण्याची सोय नाहीं. मूल धांवलें, उडी मारून उतरलें, पांघरुणांत मुटकुळें करून झोपलें, तर त्याचा भार तिचा तिलाच ओळखावा लागतो, आणि त्याप्रमाणें विभागावें कीं थांबावें, फुगावें कीं नाहीं, याचा निर्णयहि ज्या त्या ठिकाणींच व्हावा लागतो.

या निर्णयावर काय अवलंबून आहे तें वांकड्या पायाच्या मुलाच्या आईबापांस विचारावें. निकोला आंद्री या फ्रेंच वैद्यानें 1741 सालीं मुलांच्या शरीरांतील वांक सुधारण्याविषयीं एक ग्रंथ लिहिला. त्यांत वांकड्या वाढलेल्या झाडाला सरळ खांबाशीं दोरीनें बांधल्याचें एक चित्र होतें. आज जगभरच्या अस्थिशल्यवैद्यांच्या संस्था तेंच चित्र आपलें चिन्ह म्हणून मिरवितात. बहुतेक तान्ह्या मुलांचे पाय दोन वर्षांच्या आंत थोडे फेंगडे असतातच. पुढें तिसऱ्या-चवथ्या वर्षीं उलट गुडघे एकमेकांकडे झुकतात, आणि सातव्या वर्षाच्या सुमारास पाय आपोआप सरळ होतात. त्यासाठीं पट्ट्या बांधणें किंवा तेल लावून पाय जोरानें ओढणें हें निष्कारण आहे. परंतु कांहीं मुलांत वांक आपोआप जात नाहीं, वाढतच जातो, किंवा एकाच पायाला असतो. तेव्हां मात्र वैद्याकडे गेलेंच पाहिजे, कारण त्या ठिकाणीं एक दुष्टचक्र सुरू झालेलें असण्याचा संभव असतो.

तें चक्र समजण्यास 1862 सालाकडे वळावें लागतें. त्या वर्षीं कार्ल ह्यूटर व रिचर्ड फोन फोल्कमान या दोन जर्मन शल्यवैद्यांनीं स्वतंत्रपणें एकच अनुमान मांडलें: वाढीच्या चकतीवर दाब वाढला तर वाढ मंदावते, दाब कमी झाला तर वाढ वेग घेते. आतां एखाद्या मुलाचा गुडघा बाहेरच्या बाजूस वांकला आहे असें समजा. शरीराचा भार चकतीच्या आंतल्या अर्ध्यावर अधिक पडणार. तो अर्धा कमी वाढणार. त्यामुळें वांक आणखी वाढणार. आणि वांक वाढल्यानें आंतल्या अर्ध्यावरचा भार पुन्हा वाढणार. पाठीचा कणा एका कुशीला वळतो त्या विकारांतहि मणक्यांच्या चकत्यांचा असाच प्रकार होतो असें मानलें जातें.

ज्या नियमानें पाय वांकतो त्याच नियमानें तो सरळहि करतां येतो. अमेरिकन शल्यवैद्य वॉल्टर ब्लाउंट यानें 1949 सालीं चकतीच्या एका बाजूवर धातूचे चिमटे ठोकून त्या बाजूची वाढ रोखण्याची रीत प्रसिद्ध केली. हल्लीं चिमट्यांऐवजीं इंग्रजी आठच्या आंकड्यासारखी एक छोटी पट्टी आणि दोन स्क्रू वापरतात. अमेरिकेंतील पीटर स्टीव्हन्स यांनीं 2007 सालीं तिची माहिती दिली. लहानशा छेदांतून पट्टी बसवावयाची. त्या बाजूची वाढ अडते, दुसरी बाजू वाढत राहते, पाय सरळ होतो. मग पट्टी काढून घ्यावयाची. हाड तोडावें लागत नाहीं. कौतुक करावें अशी ही युक्ति आहे. परंतु पट्टी केव्हां काढावयाची? लवकर काढली तर वांक राहतो. उशीर झाला तर पाय उलट्या बाजूस वांकूं लागतो. आणि वेळेवर काढली तरी कांहीं मुलांत वांक परत फिरतो. म्हणून किती भारानें किती वाढ अडते, हा हिशेब हवा.

हा हिशेब मांडण्याचा चिकाटीचा प्रयत्न अमेरिकेंतील व्हरमाँट विद्यापीठांतील इयन स्टोक्स यांनीं केला. उंदीर, ससे व वासरें यांच्या चकत्यांवर ठराविक दाब किंवा ओढ ठेवून त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं वाढ मोजली. 2006 सालीं प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा: दर 0.1 मेगापास्कल दाबामागें वाढीचा वेग सुमारें 17 टक्क्यांनीं घटतो, आणि ओढ दिली तर वाढतो. 0.1 मेगापास्कल म्हणजे एक चौरस सेंटिमीटर जागेवर साधारण एक किलोग्रॅम वजन. एवढ्याशा दाबानें वाढीचा सहावा हिस्सा जातो! ह्यूटर आणि फोल्कमान यांच्या शब्दांतील नियमाला सुमारें दीडशें वर्षांनीं आंकडा मिळाला.

येथें एखादा चौकस श्रोता अडवील. दाबानें वाढ खुंटते तर दिवसभर हुंदडणारीं मुलें खुजीं कां होत नाहींत? चालतांना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दुपटीहून अधिक भार येतो. उलट, पोलिओनें लुळा पडलेला पाय, ज्यावर भार कमी पडतो, तो या नियमानें अधिक लांब व्हावयास हवा. प्रत्यक्षांत तो आंखूड राहतो. अंड्यांतील पिलाचे स्नायु औषधानें निश्चल केले तर त्याचे सांधे नीट घडत नाहींत, हाडें खुरटतात. मग दाब वाढीचा वैरी म्हणावा कीं मित्र?

या कोड्याची एक किल्ली वर सांगितलेल्या पाण्यांत आहे. कायम बसून राहिलेला भार आणि येऊन जाणारा भार हे एक नव्हेत. स्टोक्स यांचे दाब दीर्घकाळ टिकणारे होते. मुलाची उडी क्षणाची असते. कोंकरांवर झालेल्या एका प्रयोगाची हकीकत येथें सांगण्यासारखी आहे. 2004 सालीं प्रसिद्ध झालेल्या या अमेरिकन प्रयोगांत कोंकरांच्या पायाच्या हाडांत सूक्ष्म मापकें बसवून रात्रंदिवस लांबी नोंदली. असें आढळलें कीं, निदान 90 टक्के वाढ कोंकरूं आडवें झालेलें असतांना होते. उभें असतांना किंवा चालतांना जवळजवळ नाहींच. मूल झोपेंत वाढतें, असें घरांतील वडीलधाऱ्या बायका म्हणत आल्या. कोंकरांपुरतें तरी त्यांचें म्हणणें मापकानें मान्य केलें. मात्र यावरून, मुलानें जोरबैठका काढल्या किंवा मल्लखांब केला तर उंची खुंटते, हा जो समज पसरलेला आहे त्यास आधार मिळत नाहीं. बेतानें व देखरेखीखालीं केलेल्या व्यायामानें उंची खुंटल्याचा पुरावा नाहीं. अति कसरतीनें मनगटाच्या चकतीला इजा होऊं शकते, ती गोष्ट निराळी. दांडीला रोज दहा मिनिटें लोंबकळून उंची वाढविण्याचा प्रयोग मुलें आवडीनें करतात; त्यानें हात बळकट होतील, इतकेंच.

कोड्याची दुसरी किल्ली भाराच्या जातींत आहे. एक चेंडू पाण्यांत खोल नेला तर पाणी त्याला सर्व बाजूंनीं सारखें दाबतें. चेंडू किंचित् लहान होतो, पण गोलच राहतो. कणकेचा गोळा पोळपाटावर दाबला तर त्याचें आकारमान तेवढेंच राहतें, परंतु आकार पार बदलतो. पहिल्याला सर्वांगी दाब म्हणूं, दुसऱ्याला आकार मोडणारा ताण. जर्मन शल्यवैद्य फ्रीडरिख पाउवेल्स यानें 1960 सालीं असा तर्क मांडला कीं, पेशी या दोहोंत भेद करतात: सर्वांगी दाबाखालीं कूर्चा कूर्चा म्हणून टिकते, आकार मोडणाऱ्या ताणाखालीं निराळा पदार्थ घडतो. हा तर्क गणिताच्या भाषेंत आणण्याचें काम स्टॅनफर्ड विद्यापीठांतील अभियंते डेनिस कार्टर यांनीं 1980 नंतरच्या दशकांत केलें. त्यांच्या सूत्राचा मथितार्थ असा: चकतींतील कोणत्याहि बिंदूशीं आकार मोडणारा ताण जितका अधिक, तितकी ती जागा लवकर हाड होणार, सर्वांगी दाब जितका अधिक, तितकी ती कूर्चा राहणार. दिवसभरांतील सर्व प्रकारचे भार, प्रत्येकाच्या आवर्तनांच्या संख्येसह, यांत मिळवावयाचे.

सूत्र साधें आहे. परंतु त्यांत घालावयाचे आंकडे आणावयाचे कोठून? जिवंत मुलाच्या गुडघ्यांतील दीड मिलिमीटर चकतीच्या आंत, अमुक चळतींतील तमुक पेशीपाशीं किती ताण आहे, हें मोजणारें यंत्र नाहीं. आणि असतें तरी तें बसवितांना चकतीच बिघडली असती. येथें संगणकाचें काम सुरू होतें.

ही रीत समजण्यास मोजणीदाराचें उदाहरण पुरेसें आहे. वेड्यावांकड्या हद्दीच्या शेताचें क्षेत्रफळ एका सूत्रानें निघत नाहीं. मोजणीदार शेतांत त्रिकोण पाडतो, प्रत्येकाचें क्षेत्रफळ काढतो आणि बेरीज करतो. हाडाचा आकार शेताहून वेडावांकडा. म्हणून गुडघ्याचें चुंबकीय किंवा क्ष-किरणांचें त्रिमिति चित्र घेऊन संगणक त्याचे हजारों, प्रसंगीं लाखों लहान ठोकळे पाडतो. प्रत्येक ठोकळा साध्या आकाराचा असल्यानें त्यावर भार दिला तर तो किती दबेल हें समीकरणानें सांगतां येतें. शेजारच्या ठोकळ्यांच्या कडा एकमेकींपासून सुटूं नयेत एवढी अट घातली कीं सर्व समीकरणें एकमेकांत गुंततात, आणि तीं एकदम सोडविणें हें मनुष्याच्या हाताबाहेरचें पण संगणकाच्या आटोक्यांतलें काम होतें. विमानाच्या पंखांच्या बांधणीसाठीं 1956 च्या सुमारास पुढें आलेली ही पद्धति हाडांना 1972 पासून लागूं झाली. कूर्चेसाठीं मात्र तेवढ्यानें भागलें नाहीं, कारण ती निव्वळ घन नव्हे. घन जाळें आणि त्यांतून झिरपणारें पाणी, अशीं दोन द्रव्यें एकत्र धरणारें गणित व्हॅन मो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं 1980 सालीं दिलें.

मग खरा खेळ सुरू होतो. संगणकांतील कोंवळ्या हाडावर चालण्याचा भार द्यावयाचा. प्रत्येक ठोकळ्यांतील ताण काढावयाचा. सूत्र लावून कोणता ठोकळा वाढेल, कोणता थांबेल, कोणाचें हाड होईल हें ठरवावयाचें. तेवढा बदल करून नवा आकार घ्यावयाचा. आणि त्याच्यावर पुन्हा भार. अशीं आवर्तनें करीत गेलें कीं पडद्यावर हाड वाढूं लागतें. कार्टर आणि त्यांची सहकारी मार्सी वाँग यांनीं या रीतीनें कूर्चेच्या टोकाचें गणित केलें तेव्हां सूत्रानें असें भाकीत केलें कीं, टोकाच्या मध्यभागीं हाडाचें एक बेट उमटावें आणि सांध्याचा पृष्ठभाग कूर्चाच राहावा. जिवंत मुलांच्या हाडांत तेंच होतें. केवढें समाधान वाटलें असेल!

तरीहि या समाधानाला एक कांटा आहे. 2009 सालीं दिएगो गार्सोन-आल्वाराडो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दुसरी प्रतिकृति प्रसिद्ध केली. तिचा आधार होता तो पेशींनीं सोडलेल्या दोन रसायनांच्या पसरण्याचा व परस्परांवरील क्रियेचा. चकतींतील फुगूं लागलेल्या पेशी एक रसायन सोडतात. त्याच्या प्रेरणेनें सांध्याकडील पेशी दुसरें सोडतात. तें परत येऊन फुगण्याला आवर घालतें. ही देवघेव 1996 सालीं प्रयोगांनीं सिद्ध झालेली आहे. या देवघेवीच्या गणितांतूनहि हाडाचें तेंच बेट त्याच जागीं उमटलें! शाळेंतील गणिताच्या तासाला हा अनुभव नवा नाहीं. उत्तर बरोबर येतें, पण रीत तपासली तर दोन विद्यार्थ्यांच्या दोन निराळ्या रीती निघतात, आणि पुष्कळदां दोहोंपैकीं एक चुकीची असते. पडद्यावरील चित्र खऱ्यासारखें दिसलें म्हणून त्यामागील कारणहि खरें, असें मानण्याचा मोह विद्वानांनाहि आवरत नाहीं. प्रतिकृतीची खरी परीक्षा, पूर्वीं न झालेल्या प्रयोगाचें उत्तर ती आधीं सांगते कीं नाहीं, यांत आहे.

म्हणून अलीकडे हाडावरून खालीं उतरून एकेका पेशीचेंच गणित करण्याकडे कल आहे. अडचण अशी कीं, पेशी भोंवतालच्या कूर्चेच्या मानानें जवळजवळ हजारपट मऊ असते. घट्ट गादींत एखादा लोण्याचा गोळा असावा तशी. गादीवर पडलेला भार गोळ्यापर्यंत किती पोंचतो हें गादीवरून सांगतां येत नाहीं. फर्शिद गिलाक व मो यांनीं 2000 सालीं दोन पायऱ्यांचें गणित मांडलें: आधीं संपूर्ण कूर्चेचें, मग त्याच्या उत्तरावरून एका पेशीचें आणि तिच्याभोंवतीं असलेल्या पातळ वेष्टणाचें. त्यांतून असें दिसलें कीं हें वेष्टण मोठ्या महत्त्वाचें आहे. भार पेशीकडे किती व कसा जावा हें तें ठरवितें. गिलाक यांचें काम सांध्याच्या पृष्ठभागावरील कूर्चेचें आहे, पण रीत वाढीच्या चकतीलाहि लागूं पडते.

पेशीच्या अंगावर भार ओळखणारीं साधनेंहि एकएक करून उजेडांत आलीं आहेत. पेशीच्या कांतीमध्यें कांहीं सूक्ष्म दारें असतात. कांती ताणली गेली कीं तीं उघडतात व बाहेरील कॅल्शियम आंत शिरतें. पिएझो नांवाचीं अशीं दोन दारें अमेरिकेंतील आर्देम पॅटापूटियन यांनीं 2010 सालीं शोधून काढलीं आणि 2021 च्या नोबेल पारितोषिकांत त्या कामाचा गौरव झाला. टीआरपीव्ही-4 नांवाचें आणखी एक दार आहे. त्याच्या जनुकांत दोष असला तर मुलाची उंची खुंटते व कणा वांकडा होतो, असें 2008 व 2009 सालीं लागोपाठ उघडकीस आलें. शिवाय प्रत्येक कूर्चापेशीला एकच बारीक केंसासारखा तंतु असतो. तोहि भार जोखण्याच्या कामीं येतो. आणि वर सांगितलेलें पहिलें रसायन पेशी ताणल्या असतां अधिक प्रमाणांत निर्माण होतें, असें 2001 सालीं दिसून आलें. म्हणजे भार आणि रसायन हीं दोन प्रतिस्पर्धी कारणें नसून भार हा रसायनाच्या द्वारें बोलतो, असें म्हणण्यास जागा आहे. वर सांगितलेल्या दोन विद्यार्थ्यांच्या बाबतींत कदाचित् दोघांनींहि अर्धी अर्धी रीत लिहिली होती.

स्वीडनमधील आंद्रेई चागिन आणि त्यांचे सहकारी यांनीं 2020 सालीं या गणिताला उत्क्रांतीची जोड दिली. फुगलेल्या पेशी भारापुढें सर्वांत दुबळ्या असतात, आणि हाडाच्या टोकांतील तें बेट जणूं छत्रीप्रमाणें त्यांचें रक्षण करतें, असें त्यांनीं गणितानें व प्रयोगानें दाखविलें. प्राणी पाण्यांतून जमिनीवर आले, पायांवर वजन पडूं लागलें, तेव्हां या छत्रीची गरज निर्माण झाली असावी, असें त्यांचें म्हणणें.

जेथें प्रयोग करतांच येत नाहीं अशा एका ठिकाणीं संगणकाचा उपयोग सर्वांत हृद्य आहे. आईच्या पोटांतील मूल लाथा मारतें. ती लाथ किती जोराची असते? लंडनमध्यें नीव्ह नोलन यांच्या संशोधकगटानें गर्भाच्या हालचालींचीं चुंबकीय चलच्चित्रें घेतलीं आणि त्यांवरून हिशेब केला. 2018 सालीं त्यांनीं सांगितलें कीं, विसाव्या आठवड्यांत लाथेचा जोर सुमारें 29 न्यूटन असतो, तिसाव्यांत 47 पर्यंत चढतो, आणि पस्तिसाव्यांत जागा अपुरी पडूं लागल्यानें 17 पर्यंत उतरतो. 47 न्यूटन म्हणजे जवळजवळ पांच किलोग्रॅम वजनाचा जोर. त्याच पद्धतीनें पाहतां, पायाळू स्थितींतील गर्भाच्या खुब्यावर येणारा ताण कमी आढळला. पायाळू मुलाच्या पायाच्या गुणाविषयीं आपल्याकडे पुष्कळ समजुती आहेत. वैद्यांना मात्र एवढेंच ठाऊक होतें कीं अशा मुलांत खुब्याचा सांधा नीट न घडण्याचें प्रमाण अधिक असतें. त्यामागें लाथेचा अपुरा भार हें एक कारण असूं शकेल, हें आतां आंकड्यांनीं सांगतां येतें. अशा मुलाचा खुबा जन्मानंतर लौकर तपासून घ्यावा, हा वैद्यांचा आग्रह त्यामुळें अधिक सार्थ ठरतो.

एवढें सगळें असूनहि पट्टी केव्हां काढावयाची, हा प्रश्न पुरा सुटलेला नाहीं. पेशीच्या कांतींतील दार सेकंदाच्या अंशांत उघडतें. रसायनाची देवघेव तासांची. हाडाची वाढ महिन्यांची. हे तीन काळ एका गणितांत जोडतांना मधले आंकडे बहुधा उंदीर-सशांकडून उसने घ्यावे लागतात, आणि सशाची चकती मुलाच्या चकतीच्या वेगानें वाढत नाहीं. शिवाय दोन मुलांचें वजन, चालण्याची ढब, झोपेचे तास हीं वेगळीं. म्हणून पायांत पट्टी बसविलेल्या मुलाला शल्यवैद्य आजहि दर तीन-चार महिन्यांनीं बोलावितात, क्ष-किरणांचें चित्र काढतात, खुब्यापासून घोट्यापर्यंत एक सरळ रेघ ओढतात, आणि ती गुडघ्याच्या मध्यावरून जाते कीं नाहीं तें पाहतात.